जपानी कंपनीतलं ज्ञान सांभाळायला बसताय? आधी एवढं बघा

अभिनंदन! नॉलेज मॅनेजमेंटमध्ये नव्याने आलेला माणूस पहिल्या आठवड्यात सॉफ्टवेअर शोधायला लागतो. ते सध्या बाजूला ठेवा. कोण कुणाला काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते आधी बघा.

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट नीट समजून घ्या. तिथे 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून गाड्या बनवायला सुरुवात केली. टोयोटाने नुसत्या पुस्तिका पाठवल्या नाहीत. अमेरिकन कामगारांना जपानला नेऊन आपल्या ताकाओका कारखान्यातल्या असेंब्ली लाइनवर उभं केलं. अडचण आली की लाइन थांबवायची दोरी ओढायची, टीम लीडर लगेच मदतीला येतो, कुणी ओरडत नाही. हे स्वतः केल्याशिवाय पटत नाही. तेच ज्ञान इतर कारखान्यांत न्यायला जनरल मोटर्सला फार जड गेलं, कारण तिथे लाइन थांबवणं म्हणजे गुन्हाच मानत.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- मीटिंगमधल्या शांततेला होकार समजणं. जपानी सहकाऱ्यांची खरी चर्चा बरेचदा आधीच, एकेकाला गाठून झालेली असते. तुम्हीही तिथे पोचा.
- चुकांची नोंद थेट मागणं. आपल्याकडे साहेबांसमोर ‘जमलं नाही’ लिहायला माणूस कचरतो. ती नोंद अप्रेझलमध्ये धरणार नाही, हे आधी साहेबांकडूनच सगळ्यांसमोर वदवून घ्या.
- देशोदेशींच्या संस्कृतींची आकड्यांत तुलना करणाऱ्या हॉफस्टेड या संशोधकाचे आकडे समोरच्या माणसाला चिकटवणं. ते आकडे म्हणजे अख्ख्या देशाच्या सरासऱ्या आहेत.

सुरुवात छोटी करा. निवृत्तीला आलेला टूलरूममधला एखादा जुना कारागीर निवडा आणि त्याच्या शेजारी एक ज्युनियर बसवा. जमेल तुम्हाला.