जेरुसलेमला तनाख शिकायला यायचंय, तर आधी हिब्रू

तुम्ही विचारलंय की पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. झालंय, आता जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात तनाखचा, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथाचा अभ्यास करायचाय. हिब्रू किती लागेल, ज्यू नसताना तिथे निभाव लागेल का, आणि आईबाबांना काय सांगायचं? मी २०१३ साली याच वाटेने आले आणि अजून इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भाषेचं. पुण्यातल्या एका सल्लागाराने मला सांगितलं होतं की सगळं इंग्रजीतून चालतं, काळजी नको. इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम आहेत हे खरं, पण मूळ संहितेवर जिथे खरी घासाघीस होते ते तास हिब्रूतून होतात. मी ऐन सत्राच्या तोंडावर, ऑक्टोबरात उतरले. पहिले चार महिने फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत होते. तुम्ही असं करू नका. उन्हाळ्यातच या आणि उल्पान करा. उल्पान म्हणजे हिब्रूचा सघन वर्ग. आलेफ ते वाव अशा त्याच्या सहा पायऱ्या असतात. निदान पहिली पायरी घरीच चढून या, म्हणजे वर्षभराची बचत होईल.

उल्पानमध्ये शिकवतात ती आजची हिब्रू, आणि ती येते म्हणून तनाख वाचता येतो असं नाही. मराठी येतं म्हणून ज्ञानेश्वरी कुठे आपोआप कळते? शिवाय तनाखमधल्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचे मोठे भाग अरामी भाषेत आहेत, आणि जुनं संशोधन पुष्कळसं जर्मनमध्ये आहे. संस्कृतवाल्याला मात्र एक मोठी जमेची बाजू असते. धातू ओळखायचा, त्याची रूपं चालवायची, ही सवय हाताला असते. इथले धातू बहुतेक तीन व्यंजनांचे, एवढाच फरक.

तनाखमधल्या एस्तेरच्या पुस्तकाच्या तासाची गोष्ट सांगते. पहिल्याच वाक्यात राजाचं राज्य 'होदूपासून कूशपर्यंत' असल्याचं येतं. होदू म्हणजे आपला हिंदुस्थान, कूश म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश. पुढे सहाव्या ओळीत राजवाड्यातल्या पडद्यांचं वर्णन आहे, तिथे 'कर्पस' हा शब्द. आजच्या हिब्रूत कर्पस म्हणजे सेलरीची भाजी, त्यामुळे वर्गातली इस्रायली मुलं अडखळली. मला मात्र वाचताक्षणी कळलं. संस्कृत कार्पास, आपला कापूस! फारसीच्या वाटेने तो शब्द तिथवर पोचला, हे नंतर बाईंनी समजावून सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, या वर्गात माझीही जागा आहे.

आता मुख्य गोष्ट. इथे अभ्यास अक्षराचा होतो, आणि फार सावकाश होतो. 'या श्लोकाचा आध्यात्मिक संदेश काय' असं विचारायला यायचं असेल तर धर्मशास्त्राची दुसरी उत्तम विद्यापीठं आहेत, तिकडे जा. अक्षराचा अभ्यास म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून पाहा.

१९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत यशया या तनाखमधल्या पुस्तकाची एक गुंडाळी सापडली. चामड्याची, सव्वासात मीटरहून लांब, ५४ स्तंभांची. तिची छायाचित्रं इस्रायल म्युझियमने इंटरनेटवर ठेवली आहेत, तुम्ही आज रात्रीच उघडा. ३३वा स्तंभ काढा, ४०व्या अध्यायातल्या ७ आणि ८ या ओळी शोधा. दोन्ही ओळींची सुरुवात एकच: 'यावेश खात्सीर, नावेल त्सीत्स'. गवत सुकतं, फूल कोमेजतं. गुंडाळी उतरवून घेणाऱ्या पहिल्या लेखनिकाने हे शब्द एकदाच लिहिले आणि थेट 'पण आमच्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं' यावर गेला. मधला मजकूर नंतर दुसऱ्या कुणीतरी ओळींच्या मध्ये दाटीवाटीने लिहिला आणि जागा संपल्यावर समासात खाली उतरवत नेला. आपल्या पोथ्यांत हंसपद, म्हणजे सुटलेल्या मजकुराची खूण, काढून करतात तेच. आणि जिथे देवाचं नाव यायला हवं तिथे या दुसऱ्या हाताने अक्षरं न लिहिता फक्त चार ठिपके दिलेत.

पोथ्या हाताळलेला माणूस लगेच म्हणेल, नजर एका 'गवत सुकतं'वरून दुसऱ्यावर घसरली. मीही तेच म्हणाले. मग प्राध्यापकांनी प्राचीन ग्रीक भाषांतर पुढे ठेवलं. त्यातही हा मधला मजकूर नाही! मग दोन्हीकडे एकाच जागी चूक झाली, की आखूड पाठच जुना आणि 'खरोखर, लोक हे गवतच' ही कुणाची तरी टीप नंतर मजकुरात शिरली? दीड तास वर्ग यावर बोलला आणि निकाल न लावता उठला. असा दीड तास तुम्हाला आनंदाचा वाटणार असेल तर बॅग भरा.

याची तयारी पुण्यात उत्तम होते. भांडारकर संस्थेत जा, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतलं आदिपर्व मागा, सुकथनकरांची प्रस्तावना नीट वाचा आणि पानाखालचे पाठभेद वाचायची सवय लावा. इथे पद्धत वेगळी आहे. भांडारकरच्या संपादकांनी असंख्य पोथ्यांतून पाठ निवडून संहिता उभी केली. हिब्रू विद्यापीठाचा बायबल प्रकल्प मात्र तनाखची अलेप्पोची पोथी, साधारण इ.स. ९३०ची, आहे तशी छापतो आणि बाकी सगळे पाठभेद खाली देतो. हा फरक का पडला असेल, यावर मुलाखतीला बोलता आलं तर फार चांगलं.

ज्यू नसल्याची भीती मनातून काढून टाका. माझ्या वर्गात जर्मनीहून आलेले धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते, कोरियन पाद्री होते, किप्पा, म्हणजे डोक्यावरची छोटी टोपी, घातलेले धार्मिक ज्यू होते आणि काहीच न मानणारेही होते. फक्त 'जुना करार' हा शब्द इथे वापरू नका. ते ख्रिस्ती नाव आहे आणि पुस्तकांचा क्रमही वेगळा आहे: जुना करार मलाखीवर संपतो, तनाख इतिहासाच्या पुस्तकावर. तोरा, म्हणजे तनाखची पहिली पाच पुस्तकं, चार स्रोतांतून विणली गेली हा जर्मन अभ्यासक वेलहाउझेनचा सिद्धांत आणि याच विद्यापीठात शिकवणाऱ्या कासुतोंनी त्याला केलेला विरोध, दोन्ही वर्गात मोकळेपणी चालतं. कुणाच्या घरी शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र सुट्टीच्या, जेवणाला गेलात तर तो विषय आपणहून काढू नका. त्यांच्यासाठी हा ग्रंथ रोजच्या जगण्यातला आहे.

आणि मराठी बोलायला माणसं मिळतात. लोद, रामले, अश्दोद, दिमोना इथे कोकणातून आलेले बेने इस्रायल ज्यू आहेत. लोदच्या एका आजींनी मला मलिदा खायला बोलावलं आणि १८७४ साली पुण्यात छापलेल्या हगादाची, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पुस्तकाची, प्रत दाखवली. हिब्रू आणि मराठी समोरासमोर. त्या वाचत होत्या आणि मला माझ्याच अभ्यासाच्या ग्रंथातल्या ओळी माझ्या भाषेत ऐकू येत होत्या.

व्यवहाराचं थोडक्यात. विद्यार्थ्याचा ए-२ व्हिसा लागतो, त्यावर नोकरी करता येत नाही. तेव्हा निदान एका वर्षाचे पैसे किंवा शिष्यवृत्ती हातात असल्याशिवाय निघू नका. हिवाळ्यात दगडी घरं गारठतात. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद, म्हणून भाजीपाला आधीच आणायचा. आईबाबांना खरं ते सांगा: ऑक्टोबर २०२३नंतर इथे सायरन ऐकणं आणि आडोशाला जाणं शिकावं लागलंय. खोली बघताना घरात ममाद, म्हणजे सुरक्षित खोली, आहे का ते पहिल्यांदा विचारा. ती नसेल तर इमारतीतला निवारा कुठे आहे ते बघा. त्यांचा जीव तयार होत नसेल तर एक वर्ष थांबा. ते वर्ष हिब्रूला द्या, वाया जाणार नाही.

केडगावात बसून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांनाही आधी संस्कृतच येत होतं. तेव्हा असं करा: यशया ४०, ओळी ६ ते ८, कोश घेऊन हिब्रूवरून स्वतः मराठीत उतरवा, चार दिवस लागले तरी चालतील, आणि मला पाठवा. मी तपासून देते.