आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच टोकियोला जाताना राहायचं कुठे आणि बघायचं काय?

तुम्ही विचारलंय की मार्चअखेर सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन पाच दिवस टोकियोत आहात, तिघंही शाकाहारी, आणि यादीत पंधरा ठिकाणं आहेत, तर जमेल का? मी इथे नोकरीनिमित्त राहते आणि कुणा ना कुणा मैत्रिणीच्या घरच्यांना शहर दाखवायला बऱ्याचदा निघते, म्हणून स्पष्टच सांगते: पंधरा जमणार नाहीत. यादी निम्मी करा आणि एका दिवशी शहराची एकच बाजू धरा. सकाळी असाकुसा, दुपारी शिबुया, संध्याकाळी परत स्कायट्रीचा मनोरा असं केलंत तर आई-बाबांच्या लक्षात फक्त जिने राहतील.

टोकियोत माणूस दमतो तो स्टेशनांमध्ये. शिंजुकू स्टेशनातून रोज तीस लाखांहून जास्त लोक ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा आहेत. चुकीच्या वाटेने वर आलात की समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोचायलाही पंधरा मिनिटं मोडतात. म्हणून ठिकाणाच्या नावासोबत एक्झिटचा नंबर लिहून ठेवा. लिफ्ट जवळपास सगळ्या स्टेशनांत आहे, पण प्रत्येक एक्झिटला नाही. मेट्रोच्या फलाटावर एक उभा तक्ता असतो. पुढच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आणि सरकते जिने कितव्या डब्यासमोर येतात ते त्यावर चित्राने दाखवलेलं असतं. गाडीची वाट बघताना तो वाचा आणि त्याच डब्यात चढा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याने किती फरक पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी साडेसात ते साडेनऊ मात्र गाडीत पाऊलच ठेवू नका.

राहायला उएनो घ्या. नारिता विमानतळावरून स्कायलायनर ही ट्रेन थेट तिथे येते, पाऊण तासात. यामानोते ही गोल फिरणारी लाइन तिथून जाते आणि गिंझा लाइनने असाकुसा पाच मिनिटांवर. तिघांना सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घ्या, दुकानांतही चालतं. फक्त टोकियोच बघणार असाल तर जेआर पास, म्हणजे जपानभर जेआर रेल्वेने फिरायचा पास, घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्येच सात दिवसांचा पास ५०,००० येनला गेला, तेवढा प्रवास तुमचा होणारच नाही. मोठ्या बॅगा विमानतळावरच्या कुरिअर काउंटरवर देऊन टाका. त्या बहुतेक दुसऱ्या दिवशी हॉटेलात पोचतात, तेव्हा एका रात्रीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

पहिला दिवस असाकुसाला द्या, आणि सकाळी सातलाच पोचा. सेन्सोजी हे टोकियोतलं सर्वांत जुनं देऊळ. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात मुख्य मंदिर जळालं, आताचं १९५८ साली उभं राहिलं. तेवढ्या सकाळी नाकामिसे गल्लीतली दुकानं बंद असतात, पण त्यांच्या शटरवर रंगवलेली चित्रं तेव्हाच दिसतात. देवळासमोरच्या मोठ्या धुपाटण्याचा धूर लोक ओंजळीने अंगावर घेतात. आपण आरती घेतो तसंच ते, आई-बाबांना सांगावं लागणार नाही.

तिथून दहा मिनिटं चाललं की मात्सुचियामा शोदेन नावाचं छोट्या टेकडीवरचं देऊळ लागतं. तुमच्या यादीत ते नसणार, पण माझा आग्रह आहे की जाच. तिथलं दैवत कांगितेन, म्हणजे आपला गणपती, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला आलेला. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत. नैवेद्य पांढऱ्या मुळ्याचा. देवळातच अख्खा मुळा विकत मिळतो, तो देवापुढे ठेवायचा. खांबांवर, दिव्यांवर, पायऱ्यांशी सगळीकडे मुळ्याची आणि पैशाच्या थैलीची चित्रं कोरलेली आहेत. माझ्या मैत्रिणीच्या आईने तिथे हात जोडून हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं. शेजारच्या जपानी आजी ते संपेपर्यंत थांबल्या आणि मग वाकून नमस्कार करून गेल्या. उएनोच्या तळ्यातल्या बेंतेन्दो देवळात अशीच सरस्वती आहे, बेंझाइतेन नावाने. तिचं वाद्य बिवा, त्याची मोठी प्रतिकृती देवळासमोर आहे.

पश्चिमेला एकच दिवस पुरे: मेइजी जिंगू या शिंतो देवळाभोवतीची झाडी, शिबुयाचा चौक, आणि शिंजुकूच्या सरकारी इमारतीचा ४५वा मजला. तिथून शहर फुकट दिसतं, हवा स्वच्छ असेल तर फुजीही. त्यानंतर स्कायट्रीचं तिकीट मला तरी गरजेचं वाटत नाही.

जेवणाचं मात्र आधीच ठरवून निघा. इथल्या रश्शात दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी असतं आणि ते बहुतेक कात्सुओ माशाचं. भाजीचा उदोन (जाड नूडल्स), मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, सगळ्यात ते येऊ शकतं. 'मांस नको' म्हटल्यावर लोक मनापासून मांस काढतात, दाशी काढायचं त्यांच्या मनात येत नाही. म्हणून 'मासा आणि माशाचं दाशीही नको' असं जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवा. दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यांत, कोंबू, म्हणजे समुद्री शेवाळ भरलेली शाकाहारी वाटते, पण कित्येकदा तीत कात्सुओचा अर्क असतो. पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने वाचूनच घ्या. टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज तानतान हे शाकाहारी रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान आहे, तिथे निर्धास्त जेवा.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वरण-भाताची आठवण आली की तोझाई मेट्रो लाइनने नीशि-कासाई या भागात या. २००० सालच्या सुमारास भारतीय आयटीवाले इथे राहायला आले आणि वस्ती वाढत गेली. भारतीय किराणा, शाकाहारी थाळी, रस्त्यात मराठी बोलणं, सगळं आहे. २०१९ मध्ये इथल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते.

मार्चअखेर म्हणजे साकुराचे, चेरीच्या फुलांचे दिवस. उएनो पार्कात दुपारी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा फुलं सकाळी आठच्या आत बघून घ्या. त्या आठवड्याची हॉटेलं फार लवकर भरतात. विमानाचं तिकीट झालं असेल तर उएनोची खोली आजच बुक करा, आणि करताना लिफ्ट असलेल्या एक्झिटपासून हॉटेल किती लांब आहे ते नकाशावर मोजून घ्या.