'कोकोरो' शिकवताना शब्दांची यादी आधी वाटू नका

अकरावीच्या मुलांना सोसेकींची 'कोकोरो' ही जपानी कादंबरी इंग्रजीतून शिकवायचीय, तर पुस्तक उघडायच्या आधी पन्नासेक जपानी शब्द पाठ करून घ्यावेत का, असं विचारलंयत. नका घेऊ. मी पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं, साठ शब्द, समोर अर्थ, सगळ्यांना झेरॉक्स आणि आठवड्याने टेस्ट. मार्क मस्त पडले सगळ्यांना, आणि प्रत्यक्ष पुस्तकात ते शब्द आले तेव्हा एकाच्याही डोक्यात काही पेटलं नाही, कारण 'फुसुमा म्हणजे सरकतं दार' एवढं पाठ करून हातात काय येतं?

फुसुमाचंच बघा ना. शोजी हेही सरकतं दारच, पण लाकडी जाळीवर पातळ कागद लावलेली, उजेड तिच्यातून झिरपतो. फुसुमा जाड, आरपार काही दिसत नाही, घरातल्या दोन खोल्यांच्या मधे असते. आता गोष्टीत या. सेन्सेई, म्हणजे कादंबरीतला मुख्य माणूस, विद्यार्थी असताना आठ तातामींच्या (जमिनीवर अंथरायच्या चटयांच्या) खोलीत भाड्याने राहतोय, त्याचा मित्र के शेजारच्या चार तातामींच्या, आणि मधे भिंत नाहीच, नुसती फुसुमा. एका रात्री सेन्सेईला जाग येते तर ती दोनेक फूट सरकलेली, तिथे केची काळी सावली उभी आणि मागे त्याच्या खोलीत दिवा अजून चालू. मी मुलांना एवढंच विचारते, इथे फुसुमाऐवजी शोजी असती तर? दोन मिनिटं गप्प बसतात, मग कुणीतरी म्हणतं की मग दिवा चालू आहे, के जागा आहे, हे आधीच कळलं असतं. झालं, आता हा शब्द ते जन्मात विसरत नाहीत.

तातामीसाठी खडू घ्या. एक तातामी साधारण सहा फूट बाय तीन फूट, प्रदेशाप्रमाणे थोडी कमीजास्त, पण आपल्या कामाला एवढं पुरे. बाकं बाजूला करून वर्गाच्या फरशीवर चार चौकोन आखा, म्हणजे बारा बाय सहाची खोली झाली, आणि तिला लागून आठांची. मग एका मुलाला म्हणायचं तू के, चारमधे बस, आणि दुसऱ्याला म्हणायचं तू बाहेरून ये आणि आपल्या खोलीत जा. त्याला केच्या अंगावरूनच जावं लागतं! पुस्तकात हे लिहिलेलंच आहे, पण वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याकडे एक मुलगी म्हणाली, मॅम आमचा पॅसेज याच्यापेक्षा मोठा आहे, आणि मग स्वतःच म्हणाली, म्हणजे भांडण झालं तर जाणार कुठे? याच्यापुढे मी काय शिकवणार.

खरा घोळ वस्तूंचा नसतोच, वस्तूंचे फोटो मिळतात. घोळ माणसांना हाक मारायच्या शब्दांचा. 'ओकुसान' हा शब्द पहिल्या भागात सेन्सेईच्या बायकोसाठी येतो आणि तिसऱ्या भागात, त्याच्या पत्रात, घरमालकिणीसाठी. तिची मुलगी तिथे 'ओजोसान', आणि तीच पुढे सेन्सेईची बायको, म्हणजे पहिल्या भागातली ओकुसान! दरवर्षी चारपाच जण इथे गटांगळ्या खातात. 'ओकु' म्हणजे घराचा आतला भाग, म्हणून दुसऱ्याची बायको ती ओकुसान, आणि स्वतःची असेल तर 'कानाइ', शब्दशः घराच्या आत. हे इंग्रजीतून समजवायच्या भानगडीत पडू नका, मराठीत या. आपल्याकडे जुनी माणसं बायकोला 'आमचं कुटुंब' किंवा 'आमची मंडळी' म्हणायची की नाही? मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता हसत असतो आणि मुद्दा आपोआप कळलेला असतो.

'सेन्सेई'चंही तेच. पुस्तकातला सेन्सेई कुठेच शिकवत नाही, नोकरीच करत नाही, मग सर कसला? तर हा शब्द डॉक्टर, वकील, लेखक, पुढारी सगळ्यांना लावतात, आणि इथे तर निवेदकच आपल्या मनाने त्याला तसं म्हणतो, कामाशी संबंधच नाही.

पण मराठी शब्द मिळाला म्हणून लगेच खूश होऊ नका, तो कधीकधी फसवतो. 'हिबाची'ला शेगडी म्हटलं की आजची मुलं गॅसची शेगडी समजतात, आणि नेटवर शोधलं की अमेरिकन हॉटेलातला तवा दिसतो. ही राखेत कोळसे ठेवून हात शेकायची आणि किटली ठेवायची वस्तू. कादंबरीत सेन्सेई घरी येतो तर त्याच्या हिबाचीत नुसती थंड पांढरी राख असते आणि केच्या हिबाचीत मात्र कोळसे फुललेले. ओजोसानवरून सेन्सेईच्या मनात केबद्दल जो मत्सर येतो, त्याची सुरुवात इथे बघायची, तो शब्द या पानावरच शिकवा, आधी नको.

'कोकोरो'ला मात्र आपला 'मन' फार छान बसतो, इंग्रजी 'हार्ट'पेक्षा कितीतरी बरा, कारण शरीरातल्या हृदयाला जपानीत 'शिन्झो' असा वेगळा शब्द आहे.

जपून शिकवायचा शब्द एकच, 'जुन्शी', स्वामीच्या मागे जीव देणं. १९१२ मधे सम्राट मेइजींच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी जनरल नोगी आणि त्यांच्या पत्नीने जीव दिला, कादंबरी आली १९१४ मधे. मुलं लगेच सामुराई, सन्मान वगैरे सुरू करतात, नाहीतर थेट सतीवर उडी मारतात. त्यांना सांगा की शोगुनांनीच, म्हणजे सामुराईंच्या लष्करी राज्यकर्त्यांनीच, १६६३ मधे जुन्शीवर बंदी घातली होती, म्हणजे १९१२ मधे तो जपानी लोकांसाठीही जुना, अंगावर धूळ बसलेला शब्द होता आणि सेन्सेईही तसंच म्हणतो. शेवट आत्महत्येचा आहे, तेव्हा वर्गात कोण बसलंय ते बघून बोला, शाळेच्या काउन्सेलरला आधी कल्पना देऊन ठेवा.

बाकी यादीतले इकिगाई, वाबी-साबी काढून टाका, ते पोस्टरवरचे शब्द, या पुस्तकाला त्यांची गरज नाही. एका तासाला तीन शब्द बास. आणि स्वतःला जपानी येत नाही म्हणून घाबरू नका, पुण्यात असाल तर जपानी शिकणारे ढिगाने सापडतात, एखाद्याला अर्धा तास बोलवा, फक्त ओरिगामी करायला लावू नका.