बँकेची डायरेक्टर झालीस, आता थोडं ऐक

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

महिला राखीव जागेवरून का असेना, अर्बन बँकेच्या बोर्डावर आलीस, बरं वाटलं. कोणी तुला खुर्ची भरायला आणलंय असं वागायला लागलं तर मनावर घेऊ नको, पण एक लक्षात ठेव, उद्या काही लफडं निघालं तर सहकार कायद्याच्या कलम ८८ ची चौकशी राखीव आणि बिनराखीव बघत नाही, ज्यांच्या सहीने नुकसान झालं त्यांच्याकडून वसुली लावतात. त्यामुळे एखादं कर्जप्रकरण पटलं नाही तर मीटिंगमध्येच बोल आणि विरोध प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदवहीत, नावानिशी लिहून घे. नंतर टपरीवर चहा पिताना "माझा विरोधच होता" म्हणणारे संचालक मी ढिगाने पाहिलेत, बुकात त्यांची सही सगळ्यांच्या वर असते.

आता गाव तुला सोडणार नाही. वाचनालयाची कमिटी, गणपती मंडळ, शाळेचं गॅदरिंग, दोन भावांची वाटणी, सगळीकडे बोलावणं येईल. जा, बिनधास्त जा. मला तर मजा यायची, खोटं कशाला बोलू. पण लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जिलेबी वाढून घेता घेता "तेवढं आमच्या प्रकरणाचं बघा" म्हणतो ना, तिथे फक्त "कागद घेऊन शाखेत या" एवढंच म्हणायचं. हसून म्हण, पण तेवढंच. "बघू" म्हणालीस की त्याने गावभर मंजूर झालं म्हणून सांगितलंच समज.

याचा अर्थ ओळख वाईट असं नाही हं. ओळख हेच तर आपलं भांडवल. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली तेव्हा पतसंस्थांचा कायदासुद्धा नव्हता, तो आला १९०४ ला. माणसं एकमेकांना ओळखत होती, त्यावर चाललं. मोठ्या बँकेला सिबिल स्कोअर दिसतो, आपल्याला त्याच्या पलीकडचं दिसू शकतं, फक्त बघायची इच्छा पाहिजे.

त्यासाठी रोज दुकानोदुकानी फिरून ठेव गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटशी दोस्ती कर. १९२८ साली उडुपीत रोज दोन आणे गोळा करायची ही स्कीम निघाली, आणि आजही बाजारपेठेची नाडी त्या माणसाइतकी कोणाला कळत नाही. रोज पाचशे देणारा दुकानदार दोनशेवर आला, मग "उद्या या" म्हणायला लागला, हे एजंटला तेव्हाच कळतं, आणि त्याच दुकानाचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, बँकेत मस्त गुटगुटीत येत असतं! ते स्टेटमेंट वाचण्यापेक्षा एकदा गोडाऊनमध्ये जाऊन ये.

जामीनदार बघताना पण तेच. दोन जामीनदार एकमेकांचे जामीनदार निघतात, किंवा एकच शिक्षक अर्ध्या गावाला जामीन असतो, भिडेखातर. कर्जदार बुडाला की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघतो आणि पगारातून कपात त्या बिचाऱ्याच्या सुरू होते. सही करण्याआधी त्याला समोर बसवून सरळ विचार, हे पैसे तुम्हाला भरावे लागले तर भराल का. बरेच जण तिथेच उठून जातात. जाऊ दे.

आणि मार्च एंडिंगला नवं-जुनं. जुनं कर्ज नव्या कर्जाने भरून खातं स्वच्छ दाखवायचं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात धरलं जातं, ते टाळायला हा खेळ चालतो, अहवाल छान दिसतो, सभेत टाळ्या पडतात. थकबाकीची यादी मागशील तेव्हा मार्चमध्ये भरून एप्रिलमध्ये पुन्हा उचललेली खाती आधी शोध. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेत काय झालं ते आठव, ७० टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज एकाच बिल्डर ग्रुपकडे, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लोकांना खात्यातून सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते. ठेवीचा विमा तेव्हा एक लाखाचा, पाच लाखांचा झाला तो फेब्रुवारी २०२० पासून. आपल्याकडे तर रिटायर झालेल्या लोकांची सगळी पुंजी एकाच शाखेत असते.

घरच्यांना पण आधीच सांगून ठेव. संचालकांना आणि त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना अर्बन बँक कर्ज देऊ शकत नाही, ठेव किंवा विमा पॉलिसीच्या तारणावरची सवलत सोडली तर. भाऊ रागावेल, दिवाळीपर्यंत बोलणार नाही, चालतंय.

नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हण आणि स्वतः म्हण. मॅनेजरच्या तोंडून निरोप पाठवू नको, त्याला त्याच बाजारातून भाजी आणायची असते. माणसाला तीन महिने हेलपाटे मारायला लावून नकार दिला की तो तोवर सावकाराकडून उचलून बसलेला असतो, मग त्याचं वाटोळं व्हायला आपणही कारण. ज्याला नाही म्हटलं त्याच्या घरच्या कार्याला मात्र जायचं, अहेर घेऊन.

मंडळाला वर्गणी द्यायची ती स्वतःच्या खिशातून. पावती आपल्या नावाची. बँकेच्या धर्मादाय निधीतून द्यायचं असेल तर ठराव करून, सर्वांना सारख्या नियमाने.

पुढच्या मीटिंगआधी रिझर्व्ह बँकेचा शेवटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट मागून घे, सारांश नको, पूर्ण. वाचायला वेळ लागेल, भाषा रटाळ आहे. अडलं तर बँकेच्या गुप्त गोष्टी मला दाखवू नको, नुसता प्रश्न विचार. संध्याकाळी घरीच असतो, काकूला पोह्यांचं सांगून ठेवतो.

तुझा,
काका