दत्तकाचा आदेश न्यायालयाचा की जिल्हादंडाधिकाऱ्यांचा? वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

प्रश्न : आमच्या मुलीच्या दत्तकाचा अर्ज संस्थेने जुलै २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयात दाखल केला होता. एका तारखेला आमचे जबाबही झाले. ऑक्टोबरमध्ये फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात गेली आणि डिसेंबरमध्ये आदेश हातात पडला. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने अशी प्रकरणे वर्ग करणे थांबवल्याची बातमी वाचली. आता घरात वाटपाची बोलणी सुरू असताना माझे दीर म्हणतात, तुमचा आदेश कच्चा आहे. आम्ही पुन्हा न्यायालयात जावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जाऊ नये. तशी गरज नाही. शिवाय स्वतःहून नवा अर्ज केल्यास पहिल्या आदेशात काही उणे होते अशी कबुली दिल्यासारखे होईल.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात २०२१ साली झालेली दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. तिच्यामुळे कलम ६१ मधील दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच, गेला आणि त्यांच्या आदेशावर ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करण्याची तरतूद आली. त्याच सुमारास या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांतही बदल होऊन, न्यायालयांत प्रलंबित असलेली दत्तकाची प्रकरणे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे वर्ग होतील, अशा आशयाचे एक वाक्य त्यांत घालण्यात आले. संक्रमणाची सारी व्यवस्था त्या एका वाक्यावर उभी होती. जबाब झालेले प्रकरण नव्या कार्यालयाने कुठून उचलायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. माझ्या मते इथेच मसुदाकारांची चूक झाली. मूळ कायद्यानेच अशा प्रकरणांचा निकाल दोन महिन्यांत लावण्यास सांगितले असल्याने, जुनी प्रकरणे जिथे सुरू झाली तिथेच संपवू दिली असती, तर निदान कागदावर तरी दिवाळीच्या आगेमागे ती निकाली निघाली असती आणि फाइलींचे गठ्ठे हलवावेच लागले नसते.

१० जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम स्थगिती दिली आणि तेथील एकल न्यायाधीशांनी दत्तकाची प्रकरणे पूर्वीप्रमाणे ऐकत राहावीत असे सांगितले. आपला आदेश त्यापूर्वीचा आहे. स्थगिती मिळणे आणि रद्द होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली चामुंडी मोपेड्स प्रकरणात स्पष्ट केला आहे. स्थगितीने पुढची अंमलबजावणी थांबते. जे आधीच झाले ते पुसले जात नाही. आपल्या आदेशाच्या दिवशी तो देण्याचा अधिकार कायद्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडेच होता.

समजा, उद्या ती दुरुस्तीच घटनाबाह्य ठरली, तर? आंध्र प्रदेशातील सत्र न्यायाधीशांच्या नेमणुका अवैध ठरल्यानंतरही त्यांनी दिलेले निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ च्या गोकराजू रंगराजू प्रकरणात कायम ठेवले होते. तिथे प्रश्न नेमणुकीचा होता, अधिकारक्षेत्राचा नव्हता, त्यामुळे तो निवाडा आपल्याला जसाच्या तसा लागू पडतो असे मी म्हणणार नाही. परंतु पदावरील अधिकाऱ्यावर विश्वास ठेवून वागलेल्या लोकांना वाऱ्यावर सोडू नये, हे त्यामागचे कारण दत्तक मुलाच्या बाबतीत अधिकच जोरकस ठरते, कारण दत्तकपूर्व संगोपनामुळे हे मूल आदेशाच्या आधीपासूनच घरात वाढत असते. कलम ६३ नुसार आदेश लागू झाल्यापासून आपली मुलगी वारसाहक्कासह सर्व बाबतींत आपलेच अपत्य आहे. दिरांना एवढे एक कलम वाचून दाखवावे.

मात्र एक काम आळस न करता करावे. जिल्हा न्यायालयातून त्या प्रकरणाच्या रोजनाम्याची, म्हणजे तारीखवार कामकाजाच्या नोंदीची, प्रमाणित नक्कल काढून घ्यावी. जबाब झाल्याची तारीख आणि ‘प्रकरण वर्ग’ असा शेरा रोजनाम्यात असतो. ती नक्कल, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश आणि नवा जन्मदाखला एकाच फाइलमध्ये ठेवावा.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती आहोत. १९९८ मध्ये न्यायालयाने आम्हाला एका बालिकेचे पालक नेमले. नंतर कायदे बदलले, ख्रिस्ती कुटुंबांनाही दत्तक घेता येऊ लागले असे ऐकले. मग आमची मुलगी आपोआप दत्तक मुलगी झाली का? (एक वाचक, वसई)

उत्तर : नाही, आणि हे सांगताना मला वाईट वाटते. त्या काळी ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू जोडप्यांना बहुधा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालकत्वच मिळत असे. दत्तकाचे दार पुढे बाल न्याय कायद्याने उघडले आणि कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाश्मी प्रकरणात निर्विवाद केले. परंतु नवा कायदा आल्यावर जुना आदेश ज्या स्वरूपाचा असेल त्याच स्वरूपात टिकतो. २००० च्या बाल न्याय कायद्याखाली दिलेले दत्तकाचे आदेश २०१५ च्या कायद्याच्या कलम १११ ने जपले, तेही दत्तकाचे आदेश म्हणूनच. पालकत्वाच्या आदेशाला दत्तकाचे रूप देणारी तरतूद त्यात नाही.

आपली मुलगी आता सज्ञान आहे. पालकत्व तिच्या सज्ञानपणाबरोबर संपले आणि अठरा वर्षांवरील व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येत नाही. त्यामुळे आपण दोघांनीही स्वतंत्र मृत्युपत्र करून त्यात तिचा नावानिशी उल्लेख करावा. ‘माझी मुलगी’ एवढेच लिहून थांबू नये. पालकत्वाच्या आदेशाचा क्रमांक आणि तारीखही लिहावी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यात काही मिळणार आहे त्यांना, किंवा त्यांच्या पतीला वा पत्नीला, साक्षीदार करू नये.

प्रश्न : मला सख्ख्या बहिणीचा नऊ वर्षांचा मुलगा दत्तक घ्यायचा आहे. आम्ही हिंदू आहोत. दस्त लिहिणारे म्हणतात की आता कलेक्टरची परवानगी लागते. खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे दत्तक घेणार असाल, तर लागत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ५६(३) ने अशी दत्तके त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत, त्यामुळे २०२२ च्या बदलांचा त्यांच्याशी संबंध येत नाही. नातेवाइकाचे मूल बाल न्याय कायद्याखालीही दत्तक घेता येते; तो मार्ग निवडला तरच ऑनलाइन नोंदणी आणि त्यापुढची सारी प्रक्रिया येते. आपल्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू असल्यास मात्र १९५६ च्या कायद्याने मुलगा दत्तक घेता येणार नाही. बहीण व मेहुणे दोघेही हयात असल्यास दोघांची संमती हवी, आणि आपण विवाहित असल्यास पत्नीची किंवा पतीचीही. आई-वडील हयात नसून पालक मूल देत असेल, तर कलम ९(४) प्रमाणे दिवाणी न्यायालयाची पूर्वपरवानगी आजही लागते. प्रत्यक्ष देणे-घेणे झाल्यावर दस्त नोंदवावा आणि त्यावर देणारे व घेणारे अशा दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच तपासावे. एका बाजूची सही राहिली, तर कलम १६ मधील ‘दत्तक कायद्याप्रमाणे झाले’ हे गृहीतक आपल्याला मिळणार नाही.