बीडहून लांबच्या प्रवासाआधी इंजिन ऑइल घरीच कसं तपासायचं? कमी असेल तर किती टाकायचं?

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा. वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक (इंजिनमधली ऑइल मोजायची पट्टी) काढून फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या वेळचं बघून काही कळत नाही. ऑइल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असेल तर खुशाल निघा. खालच्या खुणेला टेकलं असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच पाव लिटर टाका, थांबा, परत बघा. अख्खा डबा ओतू नका. जास्त झालं की फेस येतो. ऑइल टाकायचं झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा, आपल्याकडे उन्हाळ्यात फुफाटा काय कमी असतो! डिझेल गाडीत ऑइल लवकरच काळं पडतं, त्याला घाबरू नका. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र बहुतेक कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) मिसळतंय. मग गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.