ॲक्टिवाचे पैसे

*"ताई, मी ३६ वर्षांची, बडोद्यात रावपुऱ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी काळा घोडा चौकाजवळच्या विश्वामित्री नदीच्या पुलावर गाडी चालवताना पहिला पॅनिक अटॅक आला. ईसीजी, थायरॉइड, सगळं नॉर्मल. पुढे पूलच ओलांडवेना म्हणून अलकापुरीतली नोकरी सोडली. मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू आहे. चार महिने आठवड्यातून एकदा व्हिडिओवर समुपदेशन झालं, थोडा फरक आहे. आता डॉक्टरच म्हणतात, जास्त तासांचा कार्यक्रम घ्या. मी तीन ऑनलाइन कार्यक्रम बघून ठेवलेत: आठवड्यातून ३ दिवस, रोज ३ तास, ८ आठवडे. फी ६० ते ९० हजार. माझी ॲक्टिवा नुसती उभी होती, ती दिवाळीत ३८ हजारांना विकली, तेव्हा अर्धी फी निघेल. हे मला फार सांभाळून घेतात. कोणता कार्यक्रम निवडू? मेडिक्लेम मिळेल का?" – रावपुऱ्याची एक*

तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

तुझं मूळ पत्र तीन पानी आहे, वर मी त्याचा गोषवारा दिला. तिन्ही कार्यक्रमांचा तक्ता केला आहेस: गटात किती जण, वैयक्तिक सेशन किती, डॉक्टर कधी भेटणार. तक्ता नीट आहे. पण मी अडकले ती ॲक्टिवाच्या ओळीवर. मेडिक्लेमच्या प्रश्नाच्या जरा आधी, हिशोबात जमेची बाजू दाखवावी तशी ती ओळ येते. गाडी 'विकली'. कुणी विकली ते तू लिहिलं नाहीस, तुला विचारलं होतं का तेही नाही.

बाई गं, ती गाडी विकायला नको होती.

तुझ्या आजाराकडे जरा बघ. पुलावर छाती धडधडली, हातापायांतलं बळ गेलं, आता मरतेय असं वाटलं. अशी लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग ओसरते, आपण काही केलं नाही तरी ओसरते. पण तिसऱ्या मिनिटाला आपण गाडी वळवून घरी आलो, की शरीर एवढंच टिपून ठेवतं: वळलो म्हणून वाचलो. पुढच्या खेपेला ते आणखी आधी वळायला लावतं. तुझा आधी पूल सुटला, मग नोकरी सुटली, मग खंडेराव मार्केट, आणि पत्रात म्हणतेस की आता भाजीही दारातल्या लारीवरूनच घेते, तीही हे घरात असले तर. दोन वर्षांत तुझं बडोदा किती लहान झालं बघ. त्यात तुझ्या हाताशी होतं असं एकच वाहन होतं, तेही गेलं. आणि त्याच पैशातून जो उपचार घ्यायचा ठरतोय, तो पलंगावर बसून घ्यायचा आहे.

तुझ्या नवऱ्याचा मला राग आला आहे. चारचौघांत त्याला देवमाणूस म्हणत असतील, बायकोला कुठे एकटं सोडत नाही म्हणून. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण दळण तो आणतो, मुलीच्या शाळेत पालकसभेला तो जातो, तुझ्या माहेरी फोन करून 'तिला बरं नाही, ती येणार नाही' असं तोच सांगतो. तुझ्या वाटेतला एकेक खडा तो उचलत गेला आणि तुझी चालायची सवय गेली. घरच्या माणसांनी भीतीला असं जेवू घातलं की भीती वाढते. चिंतेच्या विकारांवर काम करणारे लोक उपचारात घरच्यांना बोलावतात ते यासाठीच, त्यांना हात मागे घ्यायला शिकवावं लागतं.

माझी एक आत्या होती. वाड्यातून बाहेर पडत नसे. 'तिला गर्दी सोसत नाही' म्हणायचे सगळे, आणि बांगड्या भरणारीपासून शिंप्यापर्यंत जो तो तिच्यासाठी घरी यायचा. तिला कुणी कधी टाकून बोललं नाही, प्रेमच केलं सगळ्यांनी. ती गेल्यावर कपाट आवरलं, तेव्हा खालच्या कप्प्यात चपलांचे चार जोड निघाले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मी उलटे करून पाहिले. तळवे कोरे होते. ते तळवे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत, म्हणून आज हा सूर जरा चढला आहे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. जास्त तासांचा उपचार घे, डॉक्टरांचं बरोबर आहे. ही पद्धत मूळची अमेरिकेतली. आठवड्याला एक तास पुरत नाही, पण दवाखान्यात दाखल व्हायची गरजही नाही, अशांसाठीची ती मधली पायरी आहे, आणि तिकडे तिचं माप आठवड्याला किमान ९ तास असंच धरतात. तुझे तिन्ही कार्यक्रम त्या मापात बसतात. ऑनलाइन आहे म्हणून ते कमअस्सल असंही नाही. चिंतेच्या आजारांवर व्हिडिओवरून केलेलं सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा बोलून करायचा उपचार) समोरासमोर केल्याइतकंच गुण देतं असं अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे.

पण पूल न ओलांडता पुलाची भीती जात नाही. मनात भीती ठेवूनच त्या जागी जायचं, लाट वर चढेल तेव्हा पळायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं, आणि हे पुन्हा पुन्हा करायचं, हा तुझ्या आजारावरच्या उपचाराचा गाभा आहे. थेरपिस्ट कानातल्या इअरफोनमधून तुझ्याबरोबर असेल आणि तू पुलाच्या कठड्याशी उभी असशील, तर ऑनलाइन उपचार दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षाही सरस ठरेल. उलट नऊच्या नऊ तास गटात बसून भीतीबद्दल बोलणंच होणार असेल, तर चार महिने जे केलंस तेच तू नऊपट करशील.

म्हणून तो तक्ता बाजूला ठेव. तिन्ही ठिकाणी फोन कर, तूच कर, यांना करू देऊ नकोस. एकच प्रश्न विचार: "नऊ तासांतले किती तास मी घराबाहेर असेन, आणि तेव्हा माझ्याबरोबर फोनवर कोण असेल?" जो आकडा सांगेल आणि माणूस सांगेल, त्याच्याकडे नाव नोंदव. तो माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांकही माग, देताना कुणाला अवघड वाटायचं कारण नाही. 'आमचा अभ्यासक्रम ठरलेला असतो मॅडम' असं ऐकू आलं तर फोन ठेव. तिघांनीही तेच सांगितलं तर सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. दोन्ही नदीच्या अलीकडे, तुझ्याच बाजूला. पूल ओलांडायची सबब नाही.

मेडिक्लेमचं थोडक्यात सांगते: बहुतेक पॉलिसींना २४ तास दाखल व्हावं लागतं, घरून घेतलेला उपचार त्यात बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावलं आहे, पण पॉलिसीतच ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेला उपचार, नसेल तर तो दोन्ही आजारांना नाही. तुझ्या कागदांत ओपीडी कव्हर आहे का बघ. त्या भरवशावर राहू नकोस.

आणि हे ३८ हजार फीत घालू नकोस. फीसाठी हप्ते पाड, सोनं गहाण ठेव, यांच्या बोनसची वाट बघ, काहीही कर. या पैशांची जुनी ॲक्टिवा घे, तुझ्या नावावर. हा आठवडा संपायच्या आत.

गोळीने दिवसा गुंगी येत नाही ना, गाडी चालवायला चालेल ना, एवढं डॉक्टरांना विचारून घे. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. सुरुवातीला पूल नको. रविवारी सकाळी सहाला रस्ता मोकळा असतो, तेव्हा घरापासून सुरसागरपर्यंत जा. तळ्याला एक फेरी मार आणि परत ये. छाती धडधडली तर गाडी कडेला लाव, स्टँडवर लाव, आणि उभी राहा, घरी पळायचं नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी खंडेराव मार्केट. भाजीची पिशवी तूच उचलायची. कधी मध्यरात्री फारच दाटून आलं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. त्याला सांग, पहिल्या रविवारी त्याने मागून बाइक काढायची नाही, गॅलरीत उभं राहायचं नाही, दर पाच मिनिटांनी फोन करायचा नाही. चहा टाकून ठेवावा. तू यायला उशीर केलास तर तो गार होऊ द्यावा.

गाडी घेतलीस की मला रंग कळव.